शववाहिनीला शोभेल असं यंत्र

गावात त्याला खऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि तिथेच सुखाने नांदत होतं. तो शववाहिनी चालवायचा, माणसं शेवटच्या मुक्कामाला पोचवायचा, म्हणून तोंडावर सगळे ‘काका’ म्हणत आणि पाठीमागे ‘पोचव्या’. त्याला दोन्ही चालत. माणूस मुळात मुखदुर्बळ, त्यात धंदा असा मिळालेला की गिऱ्हाईकच बोलत नाही.

पोचव्याला एकाच गोष्टीचा अभिमान होता. त्याच्या गाडीला कधी उशीर झाला नाही. “माणूस जन्मभर रांगेत ताटकळतो,” तो म्हणायचा, “निदान मेल्यावर तरी त्याला थांबवू नये.” म्हटलं तर हे त्याचं एकुलतं एक तत्त्वज्ञान, पण तेवढ्यावर त्याने सगळी नोकरी काढली होती.

गाडीचं मात्र तसलं काही तत्त्वज्ञान नव्हतं. तिची बॅटरी मनाला येईल तेव्हा झोपायची आणि मागचं डावं चाक दर दोन दिवसांनी बसायचं. पोचव्याने कचेरीत नव्या बॅटरीसाठी अर्ज केला. साहेबांनी तो नीट वाचला आणि म्हणाले, “पण या गाडीबद्दल आत बसणाऱ्यांपैकी एकाचीही तक्रार नाही.” पोचव्या अर्जाची घडी खिशात घालून परत आला.

मग मुख्याध्यापक गेले. गावातल्या निम्म्या लोकांचे कान त्यांनी कधी ना कधी पिरगाळले होते, त्यामुळे गर्दी तुफान. पोचव्याने चावी फिरवली. गाडी नुसती ‘टक’ म्हणाली. पुन्हा फिरवली, पुन्हा ‘टक’. शेवटी इस्त्रीचे कपडे घालून आलेले माजी विद्यार्थी गाडी मागून ढकलायला लागले. कुणीतरी ओरडलं, “जोर लावा रे, सरांचं वजन आहे!” वळणापाशी इंजिन एकदाचं धडधडलं आणि सगळ्यांनी, कुठे आहोत ते विसरून, टाळ्या वाजवल्या. एकाने तर शिट्टी मारली. पोचव्याला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

हा सगळा प्रकार आक्काने आपल्या खिडकीतून पाहिला. आक्का म्हणजे पोचव्याची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा तिनेच त्याला वाढवलं होतं. दोन खोल्यांत एकटी राहायची. तिचं हृदय थकलं होतं आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं, जिने चढायचे नाहीत, ओझी उचलायची नाहीत आणि हसायचंसुद्धा जपून. शिट्टी ऐकल्यावर तिला जपणं जमलं नाही. पोचव्या संध्याकाळी गेला तेव्हा ती पलंगावर पडून धापा टाकत होती, आणि धापांच्या मध्ये हसत होती.

“बाळ्या,” ती म्हणाली. छप्पन्न वर्षांच्या पोचव्याला बाळ्या म्हणणारी जगात ती एकटीच उरली होती. “माझी पाळी आता लांब नाही. तेव्हा मला ढकलत न्यायचं नाही, सांगून ठेवते.”

“काहीतरीच काय बोलतेस आक्का!”

“काहीतरी नाही. तुझी तीनचाकी मी ढकलली. सायकल ढकलली. स्कूटर ढकलली. तुझ्या लग्नाच्या दिवशी ती भाड्याची गाडी नवे कपडे घालून मी ढकलली, नवरीला आत बसवून! जन्म गेला माझा तुझ्या गाड्यांच्या मागे. माझ्या वेळेला गाडी एका दमात सुरू झाली पाहिजे. दे शब्द.”

पोचव्याने शब्द दिला. घरी जाऊन तो झोपला नाही, नुसता कूस बदलत राहिला. आक्का जाणार हे त्याला ऐकवत नव्हतं, म्हणून तो सगळी रात्र बॅटरीचाच विचार करत राहिला. बॅटरीचा विचार करता येतो, तेवढं बरं असतं.

एक वाहनचालक मित्र म्हणाला, हल्ली डब्याएवढं यंत्र मिळतं. बॅटरी बसली की त्याचे दोन चिमटे लावायचे, गाडी सुरू. त्यालाच नळी असते, चाकात हवाही भरते. पोचव्याने ठरवलं, आपल्या खिशातून घ्यायचं. आक्का म्हणाली, “मीपण येते. वापर माझ्यासाठी, आणि पसंती तुझी? हे कुठलं?” तिला चालवत नेणं शक्य नव्हतं आणि दुसरी गाडी नव्हती. त्यामुळे गाड्यांचं सामान विकणाऱ्या दुकानासमोर भर सकाळी शववाहिनी येऊन उभी राहिली.

दुकानदार पाठमोरा होता. त्याने न वळताच विचारलं, “इंजिन कसलं? डिझेल?”

“डिझेल.”

“मग लहान यंत्र चालणार नाही. माणसं किती बसतात?”

“एक,” पोचव्या म्हणाला. “झोपून.”

दुकानदार वळला, दारातली गाडी बघितली आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने पटापट यंत्रं काढून मांडायला सुरुवात केली. एक लालभडक होतं, त्याला उघडझाप करणारा दिवा. पोचव्याने मान हलवली. “लोक रडत असतात हो. मध्येच हे असं नाचायला लागलं तर?” दुसरं केशरी होतं, तेही गेलं. “रंग दुखवट्याचा हवा,” पोचव्या म्हणाला. “आणि आवाज किती? दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं असतं तेव्हाच नेमकं ते चाक बसतं.”

“आवाज काहीच नाही,” दुकानदार म्हणाला. विकणाऱ्याला कधी आवाज ऐकू येत नाही.

“मग करून दाखवा. मान खाली घालून उभे राहा, आपण दोघंही. तसं ऐकल्याशिवाय कळायचं नाही.”

दुकानदार मान खाली घालून उभा राहिला. पाना विकत घ्यायला आलेला एक गृहस्थ, काही न कळता, तोही राहिला. तेवढ्यात आक्काला सुचलं की आवाज बाहेरून ऐकून काय उपयोग, तो ऐकायचा आहे आतून. ती गाडीत मागे चढली, स्ट्रेचरवर आडवी झाली, पायावरची चादर गळ्यापर्यंत ओढली आणि ओरडली, “हं, लाव!”

पोचव्याने मागच्या चाकाला नळी लावली, यंत्र सुरू केलं आणि मान खाली घातली. ते जे किंचाळायला लागलं त्याने रस्ता थबकला. लोकांनी पाहिलं: उघडी शववाहिनी, आत चादरीखाली बाई, दुकानाच्या दारात माना खाली घालून उभी तीन माणसं. शेजारच्या दुकानाने शटर निम्मं खाली ओढलं. जाणाऱ्या एका माणसाने टोपी काढली. बाजारातून फुलं घेऊन चाललेल्या एका बाईने डोळ्यांना पदर लावला.

“फार चांगल्या होत्या हो,” ती पोचव्याला म्हणाली.

“तुम्ही ओळखत होतात?”

“नाही. पण चांगल्याच असणार.” असं म्हणून तिने आपली फुलं आक्काच्या पायाशी ठेवली.

“हे नको रे बाळ्या!” आक्का ताडकन उठून बसली. “दातांचा डॉक्टर दात कोरतो तसा आवाज येतोय. डोकं उठलं माझं!”

टोपीवाला टोपी तिथेच टाकून पळाला. बाई मात्र खंबीर निघाली. तिने आक्काला आपादमस्तक न्याहाळलं, फुलं उचलली आणि परत पिशवीत घातली.

दुकानदाराला आता एकच ध्यास होता, ही वरात दारातून हलावी. त्याने मागच्या फळीवरून एक राखाडी डबा काढला. “हे घ्या. हवा भरताना नुसतं गुणगुणतं. हवा पुरेशी झाली की आपलं आपण थांबतं. डिझेलला दणकट. आणि बोलतं!”

“बोलतं?” पोचव्याचा चेहरा उतरला.

दुकानदाराने बटण दाबलं. डब्यातून एका बाईचा मधाळ आवाज आला, “नमस्कार! मी तयार आहे.” चिमटे बॅटरीला लावल्यावर म्हणाली, “जोडणी बरोबर आहे. आता गाडी सुरू करा.” गाडी सुरू झाली तशी म्हणाली, “छान! आता जोडणी काढून घ्या. आपला प्रवास सुखाचा होवो.”

“अजिबात नको,” पोचव्या म्हणाला. “प्रेत समोर ठेवून ‘छान’ म्हणते ही! लोक मला जोड्याने मारतील.”

“हेच घे,” आक्का म्हणाली. “किती गोड बोलते. माझ्याशी इतकं गोड कोण बोललंय गेल्या काही वर्षांत? तू दारातून ‘बरी आहेस ना, येतो’ म्हणतोस, तेवढंच.”

बहीणभावांची जुंपली. पोचव्या म्हणाला, अब्रूचा प्रश्न आहे. आक्का म्हणाली, अब्रू तुझी, प्रवास माझा. शेवटी दुकानदारानेच तोड काढली. डब्याच्या बाजूला एक चिमुकलं बटण होतं, ते खाली केलं की बाई गप्प. पोचव्याने स्वतःच्या हाताने ते खाली केलं, आणि मगच यंत्र घेतलं.

यंत्र रोज रात्री चार्जिंगला लावावं लागे, पण घरी नेऊन लावायची सोय नव्हती. त्याच्याकडे बायको, मुलगा, सून, नातवंडं असा गोतावळा, आणि घरातले एकूण एक प्लग मोबाइलांनी अडवलेले. “माझ्याकडे ठेव,” आक्का म्हणाली. “माझ्या प्लगाला कोण विचारतंय?” तसं ठरलं. संध्याकाळी पोचव्या दारातूनच यंत्र आत द्यायचा आणि सकाळी दारातूनच घेऊन जायचा. “थांब ना जरा,” आक्का म्हणायची. “घाई आहे गं,” तो म्हणायचा. घाई खरीच असायची. कुणीतरी कुठेतरी निजून त्याची वाट बघत असायचं, आणि मेलेल्याला थांबवायचं नाही हे तर ठरलेलं.

यंत्राने कमाल केली. चिमटे लावले की गाडी सुरू, तोंडातून चकार शब्द नाही. चाक बसलं तर यंत्र इतकं हळू गुणगुणायचं की लोकांना वाटे कुणीतरी मनातल्या मनात रडतंय. गाडी ढकलायची वेळ पुन्हा आली नाही. पोचव्या मनात म्हणायचा, शब्द पाळला जाणार. आणि लगेच स्वतःलाच दटावायचा, की इतक्यात कशाला पाळायचाय.

एका सकाळी तो यंत्र घ्यायला गेला तर शेजारीण दारातच उभी होती. आक्का झोपेतच गेली होती.

दुसरा चालक बोलवू म्हणून सगळ्यांनी सांगितलं. पोचव्याने कुणाचं ऐकलं नाही. आक्काला गाडीत ठेवलं, गल्ली दोन्ही बाजूंनी भरली. पोचव्याने चावी फिरवली. ‘टक.’

लोक मुख्याध्यापकांच्या आठवणीने बाह्या वर करायला लागले. “कुणी हात लावायचा नाही,” पोचव्या म्हणाला, आणि आत जाऊन आक्काच्या उशाजवळच्या प्लगातून यंत्र काढून आणलं. बॉनेट उघडलं. लाल चिमटा, काळा चिमटा. यंत्राचं बटण दाबलं.

“नमस्कार!” सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा मधाळ आवाज आला. “मी तयार आहे.”

पोचव्या दचकला. सुतकी चेहऱ्याचे लोक एकमेकांकडे बघायला लागले. पण शेजारीण पुढे आली. “अगंबाई, हीच होय ती!” ती म्हणाली. “रोज संध्याकाळी भिंतीतून ऐकू यायची. मला वाटायचं, आक्कांची कुणी मैत्रीण येते. आक्का विचारायच्या, ‘झालं का गं पोट भरून?’ ती म्हणायची, ‘चार्जिंग पूर्ण झालं, काळजी नसावी.’ मग आक्का म्हणायच्या, ‘बरं, झोप आता. सकाळी बाळ्या येईल न्यायला.’”

पोचव्याने डब्याची बाजू पाहिली. चिमुकलं बटण वर होतं. रोज त्याची पाठ फिरली की आक्का ते वर करत असणार, आणि सकाळी तो यायच्या आत खाली. आज खाली करायला कुणी नव्हतं. मेलेल्यांना ताटकळत ठेवायचं नाही म्हणून जन्मभर धावलेला हा माणूस, आणि त्याची जिवंत बहीण रोज संध्याकाळी एका डब्याशी बोलत बसली होती. पोचव्याला भर गल्लीत रडू फुटलं. त्याने ते पुसलंही नाही.

“जोडणी बरोबर आहे,” डब्यातली बाई म्हणाली. “आता गाडी सुरू करा.”

कुणीतरी हळूच म्हणालं, “काका, ते बंद करता येत असेल ना?”

“येतं,” पोचव्या म्हणाला, आणि बटणाला हात लावला नाही.

“आता गाडी सुरू करा.”

“हो गं, करतो.”

त्याने आत बसून चावी फिरवली. गाडी एका दमात सुरू झाली.

“छान! आता जोडणी काढून घ्या. आपला प्रवास सुखाचा होवो.”

“आभारी आहे,” गर्दीतला एक म्हातारा सवयीने म्हणून गेला. कुणालातरी हसू आलं, त्याचं दुसऱ्याला लागलं, आणि बघता बघता सगळी गल्ली तोंडावर हात धरून, डोळ्यांतून पाणी गाळत हसायला लागली. आक्का असती तर तिलाही जपून हसणं जमलं नसतं.

पोचव्याने चिमटे काढले, बॉनेट लावलं. लोक गाडीमागे रांगेने उभे राहिले. पोचव्या गाडीत बसायचं सोडून यंत्र काखेत मारून आक्काच्या घरात शिरला. यंत्र उशाजवळ जिथल्या तिथे ठेवलं आणि समोरच्या खुर्चीवर बसला.

दारात इंजिन चालू होतं. कुणीतरी घड्याळ पाहिलं, पण हाक मारायला कुणी आलं नाही. त्या दिवशी पोचव्याच्या गाडीला चांगलाच उशीर झाला.