तिसरा चौकोन

बडनेऱ्याच्या वेल्डरकाकांकडे मी प्रबंधासाठी चौथ्यांदा गेलो होतो. आखातात कामाला राहून आलेले काका ‘युनियन’ म्हटलं की आजही आधी दाराकडे बघतात.

“काका, तिथं युनियन होती?” माझ्या फॉर्मवर ‘होय’ आणि ‘नाही’ असे दोनच चौकोन होते.

“नाई बाप्पा! बंदी होती. एकदा आमच्या खोलीतल्या नेपाळी गड्याले ताप आला. साहेब दवाखान्यात नेईना. मंग आमी बाराही जण कामाच्या बसमधी चढलोच नाई. दुपारी नेलं त्याले.”

“मग ‘होय’ लिहू?”

“काहून फसवून राहिला मले?”

ते हसले. कानामागची पेन्सिल काढून, काटकोनी गुण्या लावून त्यांनी शेजारी तिसरा चौकोन आखला आणि त्यात खूण केली.

याला काय नाव द्यायचं, हे सर विचारतील. मला अजून सुचलेलं नाही. पण चौकोन मी खोडणार नाही.