चारच्या बातम्या आणि आमचे मामा

आमच्या हिच्या मामांनी उभ्या आयुष्यात एकही गोष्ट मधूनच सुरू केली नाही आणि एकही वेळेवर संपवली नाही. "मी आपलं पहिल्यापासून सांगतो," हे त्यांचं पालुपद. तुम्ही नुसतं विचारा, "मामा, जेवलात का?" की ते सुरू. सकाळी बाजारात गेलो, मासे बरे नव्हते, मासेवाला गल्ल्यावर नव्हता, कारण त्याच्या जावयाचं त्याच्या धाकट्या भावाशी वाजलंय, आणि ते का वाजलं, तर त्या भावाची बायको... असं करत करत त्या बायकोच्या माहेरापर्यंत पोचलात की तुम्हाला कळतं, मामा जेवलेले नाहीत, त्यांना सपाटून भूक लागली आहे आणि ते आज तुमच्याकडेच जेवणार आहेत. त्यांचं घराणं तेल्यांचं. अलिबागच्या बाजूला त्यांच्या आजोबांचा घाणा होता. घाण्याचा बैल फिरतो तसे मामा बोलत. फिरून फिरून तिथेच यायचे, पण तेल मात्र निघायचं, हे मी त्यांचा भाचेजावई असूनही कबूल करतो.

आता अशा माणसाला कुणी शहाण्यानं रेडिओवर बसवलं असतं का? पण इस्रायलमधल्या आमच्या बेर्शेबाच्या त्या लहानशा स्टेशनानं बसवलं. गाद्यांच्या एका दुकानाच्या माडीवर दोन खोल्या, हेच स्टेशन. देशोदेशींहून इथे आलेल्या लोकांसाठी त्यांच्या त्यांच्या भाषेत तिथून कार्यक्रम चालत, आणि दर गुरुवारी तीन ते चार हा तास आमच्या मराठीचा. काचेच्या त्या बाजूला मामा, ह्या बाजूला बटणं सांभाळणारा मी. कुणाला नातू झाला, कुणाच्या मुलीचं ठरलं, कुणी नवस फेडायला एलियाहू हन्नबीच्या नावानं मलिदा केला, ते मामा सांगत. मधे दोन जुनी गाणी आणि एखादी पाककृती.

माइकसमोर बसताना मामा चपला बाहेर काढून ठेवत. का, तर "हजार घरांत जायचंय, चपला घालून कसा जाऊ?" माइकशी ते शेजारणीशी बोलावं तसं बोलत. कुणाच्या घरचा पत्ता सांगायचा झाला तर हात करून डावीकडे, उजवीकडे दाखवत. पाककृती सांगताना तर विचारूच नका. "आता ह्यात एवढं मीठ घालायचं," म्हणून ते चिमूट माइकपुढे धरत आणि पुढे जात. एकदा दिमोन्याहून एका बाईंनी फोन करून विचारलं, "मामा, एवढं म्हणजे केवढं हो?" मामांना तिचा खरोखरच राग आला. "आत्ता दाखवलं की! लक्ष कुठे होतं बाईचं?"

आणि ह्यांच्या डोक्यावर मॅनेजर कोण, तर साहेब. तेही आपलेच, बेने इस्रायलच, म्हणजे आम्हा मराठी ज्यूंपैकीच, पण भायखळ्याचे. मुंबईला एका गिरणीत टाइमकीपर होते. इथे येऊन तीस वर्षं झाली तरी गिरणीचा भोंगा त्यांच्या अंगातून गेला नव्हता. मनगटावर एक घड्याळ आणि खिशात दुसरं, मनगटावरच्यावर लक्ष ठेवायला. त्यातून हा देश बातम्यांचा! तास भरला, रेडिओवर ते बीप बीप सुरू झालं, की बसचा ड्रायव्हर आवाज मोठा करतो आणि अख्खी बस गप्प होते. सीटवरून भांडणारी माणसंसुद्धा भांडण तिथेच ठेवतात आणि बातम्या संपल्यावर पुढे चालू करतात. साहेबांना तर चारच्या बातम्या म्हणजे देवाच्या जागी. चारला पाच कमी असताना ते माझ्या मागे येऊन उभे राहत आणि घसा खाकरत. काचेतून ते दिसले रे दिसले की मामा मुद्दाम सावकाश बोलायला लागत. मधे माझा जीव टांगणीला.

दोघांचं बोलणं बंद पडलं ते ओफाकिमच्या आबांमुळे. आबा आमच्यातले सगळ्यांत वडीलधारे. त्यांना हॉस्पिटलात ठेवलं होतं, पण देवाच्या दयेनं ते खडखडीत बरे होऊन घरी आले आणि त्यांच्या मुलांनी मलिदा करायचं ठरवलं. एवढीच बातमी. कुणीही सांगितलं असतं की आबा बरे झाले, रविवारी मलिद्याला या. पण मामा पहिल्यापासून सांगणारे! त्यांनी आबांच्या छातीत कशी कळ आली इथपासून धरलं. मग सून कशी किंचाळली, मुलाला एलातहून कसं बोलावून घेतलं, डॉक्टरांनी कशी मान हलवली. मामांचा आवाज एवढा भरून आला, की काचेच्या अलीकडे माझ्याही डोळ्यांत पाणी. "मंडळी," मामा म्हणाले, "शेवटी डॉक्टर बाहेर आले, आणि मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले..."

आणि साहेबांनी माझ्या खांद्यावरून हात घालून बटण खाली ओढलं. बीप. बीप. बातम्या.

पुढे काय व्हायचं ते झालं. अश्केलोन, दिमोना, कुठून कुठून माणसं निघाली. शिवाच्या, म्हणजे सुतकाच्या, घरी जाताना न्यायची म्हणून बायकांनी अंडी उकडली. संध्याकाळी ओफाकिमला आबांच्या दारात ही गर्दी! पहिल्याच बाईनं डोळ्यांना पदर लावून कडी वाजवली आणि दार उघडलं खुद्द आबांनी. बनियनवर. बाईंच्या हातातलं भांडं खाली पडायचंच बाकी होतं. आबा माणूस मोठा रसिक. त्यांनी सगळ्यांना आत घेतलं, चहा पाजला, आणि अंडी काही परत जाऊ दिली नाहीत. म्हणाले, "माझ्या नावाची आहेत, मलाच खाऊ द्या."

दुसऱ्या दिवशी स्टेशनात जे रण माजलं, ते काय वर्णावं! मामा म्हणत, "जिवंत माणूस मारलात तुम्ही!" साहेब म्हणत, "मी नाही, तू. बरा झाला हे आधी सांगायला काय जीभ झडली होती?" "आधी सांगितलं तर पुढचं ऐकेल कोण?" "चार म्हणजे चार!" त्या दिवसापासून दोघे एकमेकांशी बोलेनासे झाले. बोलायचं असलं की मधे मी. एकाच खोलीत, तीन हातांवर बसून साहेब मला म्हणत, "त्याला सांग, पुढच्या गुरुवारी दोन मिनिटं आधी आटप." आणि मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणत, "त्यांना सांग, बघू."

साहेब रिटायर झाले त्या दिवशी मामांनी घरून चिकाचा हलवा करून आणला आणि खालच्या गादीवाल्यापर्यंत सगळ्यांना वाटला. निरोपाचा म्हणे! साहेबांनीही एक वडी खाल्ली, रुमालानं हात पुसले आणि मला म्हणाले, "त्याला सांग, साखर जास्त झाली." मग अश्केलोनच्या बसमध्ये बसून गेले. मामांनी हुश्श केलं.

पण कसलं काय! पुढच्याच गुरुवारी चारच्या बातम्या संपल्या आणि माझ्या खोलीतला फोन वाजला. पलीकडे साहेब. "त्याला सांग, आज पुन्हा उशीर केला. आणि मुलाच्या सासऱ्याला व्याही म्हणतात, साडू नव्हे." मामा शेजारीच चपला घालत होते. "त्यांना सांग, आता ते मॅनेजर नाहीत." "त्याला सांग, कान काही मी स्टेशनात जमा केलेले नाहीत." तेव्हापासून हे दर गुरुवारी. बातम्या संपल्या की फोन ठरलेला. मामा तोंडानं शिव्या घालत, पण चपला घालायला त्यांना हळूहळू फार वेळ लागायला लागला. कधी फोनला जरा उशीर झाला की एक चप्पल पायात आणि एक हातात, असे ते उभे. मी हसलो की म्हणत, "काय दात काढतोस? अंगठा तुटलाय."

मग रशियाहून विमानं भरभरून माणसं आली आणि आमच्या स्टेशनाला रशियन तास कमी पडायला लागले. नवी मॅनेजर आली होती, इथेच जन्मलेली एक चुणचुणीत पोरगी. तिनं मामांना हिब्रूत सरळ विचारलं, "तुमचं हे मराठी ऐकतं कोण? तुम्हाला फोन तर एकाच माणसाचा येतो, तोही तक्रारीचा." आणि त्या एका माणसालाच तिनं सल्ल्याला बोलावलं, जुने मॅनेजर म्हणून. मामांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांना मूलबाळ नाही, मामी जाऊन वर्ष झालेलं, आठवड्यात तो एक तास काय तो त्यांचा. "मेलो रे," ते मला म्हणाले. "सुरी नेमकी त्याच्याच हातात दिली."

ठरल्या दिवशी मामा लग्नातला टाय लावून आले. साहेब अश्केलोनहून दोन्ही घड्याळं लावून आले आणि खुर्चीवर बसल्या बसल्या त्यांनी मामांच्या चुका वाचायला, म्हणजे तोंडपाठच म्हणायला, सुरुवात केली. ह्यानं मागच्या आठवड्यात करंज्या सांगितल्या आणि वेलची विसरला. दिमोन्याच्या बाईंना वाढदिवसाच्या शुभेच्छा एक महिना आधी दिल्या. गाणं चालू असताना पाणी पितो ते ऐकू येतं. वेळेवर तर एकदाही, एकदाही संपवलेलं नाही. मामा मान खाली घालून बसले होते. पोरगी म्हणाली, "मग ठरलं तर. बंद करू."

साहेब ताडकन उठले. "बंद? बंद करा असं कोण म्हणालं?" एवढा आवाज त्यांनी मॅनेजर असतानासुद्धा कधी काढला नव्हता. "माझी बायको गेली. मुलांशी मी मराठीत बोलतो, मुलं मला हिब्रूत उत्तर देतात. नातवंडांना तर मी काय बोलतो तेच कळत नाही. माझ्या घरात गुरुवारी तीन वाजता मराठी येतं आणि चारला निघून जातं. हा माणूस चुकतो, हो, चुकतो! पण तो चुकलेला मला कळतो. तो बंद केलात तर मी चुका कुणाच्या काढू?" मग खाली बसून कपाळ पुसत ते म्हणाले, "फक्त चारला संपवायला सांगा त्याला."

पोरीनं वही मिटली. मग म्हणाली, "बसेदेर, ठीक आहे. चालू राहू दे." खाली बसस्टॉपवर आम्ही तिघे उभे होतो. आता तरी हे दोघे बोलतील म्हणून मी मुद्दाम दुसरीकडे बघत होतो. अश्केलोनची बस वळणावर दिसली तेव्हा मामा मला म्हणाले, "त्यांना सांग, वेलची घातली होती." साहेब पायरीवर पाय ठेवत म्हणाले, "त्याला सांग, मला ऐकू नाही आली."

त्यानंतर पुष्कळ वर्षं चाललं असंच. मामांनी एकदाही चारला संपवलं नाही आणि साहेबांनी एकदाही फोन चुकवला नाही. मग एका मंगळवारी साहेब गेले. रात्री छातीत दुखलं, पहाटे संपलं. बुधवारी आम्ही अश्केलोनला जाऊन मातीला हात लावून आलो. परतताना बसमध्ये मामा अक्षर बोलले नाहीत. ह्या माणसाला गप्प बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

गुरुवारी ते माइकसमोर बसले. "मंडळी, आपल्या साहेबांबद्दल सांगायचंय. मी आपलं पहिल्यापासून सांगतो." आणि खरंच त्यांनी गिरणीपासून धरलं. भोंगा, दोन घड्याळं, अश्केलोनच्या घरामागचा कढीपत्ता. पाककृती नाही, गाणं नाही, तासभर साहेबच. चारला पाच कमी झाले तेव्हा माझ्यामागे कुणी येऊन घसा खाकरला नाही. मला फार चुकल्या चुकल्यासारखं झालं. मामा आता सोमवारच्या रात्रीपर्यंत आले होते. "साहेबांच्या छातीत कळ आली. मुलानं गाडी काढली. हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर आत गेले. मंडळी, शेवटी डॉक्टर बाहेर आले, आणि मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले..."

आणि मामा थांबले. घड्याळाकडे पाहिलं. चार वाजायला अजून थोडा अवकाश होता. मी काचेतून खूण केली, बोला, वेळ आहे. त्यांनी मान हलवली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. मी आवाज खाली आणला. मग बीप सुरू झाले.

मी आत गेलो. म्हटलं, "मामा, सांगायचं राहिलं."

"राहू दे."

"अहो, पण लोकांना कळायला नको?"

"ज्यांना कळायचं त्यांना कळलंय. मी नाही सांगणार." त्यांचे डोळे भरून आले होते. एक चप्पल पायात, एक हातात.

"चला तर मग."

"थांब रे. बातम्या संपू देत."

बातम्या संपल्या. आणि फोन वाजला! मामांच्या हातातली चप्पल खाली पडली. माझाही हात पुढे होईना. शेवटी उचलला तर ओफाकिमहून आबा. नव्वदीच्या पुढचे, कानानं अधू, म्हणून फोनवर ओरडत होते. "अरे, साहेब गेले, का आहेत? सुनेनं अंडी उकडायला ठेवलीत. न्यायची का नाहीत?"

मामांनी माझ्या हातून फोन घेतला.

"न्या, आबा," ते म्हणाले. "पण दार कोण उघडतंय ते बघा, आणि मगच द्या."