शेवगावची कपाशी आणि न पेटलेली चूल

नगरच्या स्टँडवरून शेवगावची एसटी सुटली, तेव्हा माझ्या मांडीवर काचेची मोठी हंडी होती. कंडक्टरने विचारलं, “मासं नेताय व्हय, ताई?” “नाही, वास आणायला चाललेय,” असं म्हटल्यावर त्याने मुकाट्याने तिकीट दिलं आणि पुन्हा माझ्या वाटेला गेला नाही.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. पुण्यात माझं संशोधन चालू होतं. अळीने पान कुरतडलं की कपाशी एरवी नसलेले गंध नव्याने तयार करून हवेत सोडते. त्या वासावर बारीक गांधीलमाश्या येतात आणि अळीच्या अंगात अंडी घालतात, मग अळी मरते. तो गंध मला शेतातच पकडायचा होता.

मैत्रिणीच्या कौसामावशी आणि त्यांचे यजमान नाना गावाबाहेर वस्तीवर राहत. घराला लागूनच वावर (शेत) होतं. बोंडअळी पडली होती आणि दुसऱ्याच दिवशी फवारणी ठरली होती. औषध पडलं की माझं काम बुडालं, आणि थांबावं तर त्यांची बोंडं जाणार.

एका कुरतडलेल्या झाडावर मी हंडी बसवली, गंध टिपणारी नळी लावली, बॅटरीवरचा पंप सुरू केला आणि हातपाय धुवायला गेले. परत येते तो काय! हंडीला हळदकुंकू, पुढ्यात फोडलेला नारळ आणि बुंध्याशी घमघमणारी उदबत्ती.

“नवं काम हाय, म्हनलं देवाचं नाव घ्यावं,” मावशी कौतुकाने म्हणाल्या.

मी डोक्याला हात लावला. आता नळीत कपाशी कुठली, सगळी उदबत्तीच. समजावून सांगताना मला रडू कोसळलं.

“म्हंजी ही पऱ्हाटी (कपाशी) हाका मारतीय, आन आमी मधी भोंगा लावला?” मावशींचा चेहरा उतरला. “फवारनी परवा करू,” म्हणत नाना उठले.

सकाळी जाग आली तर घर गप्प होतं. चहा नाही, देवापुढे उदबत्ती नाही, नानांची विडी आढ्याला खोचलेली. “चूल पेटवली न्हाई,” मावशी म्हणाल्या. “धूर सरळ वावरात जातो.” शिळी भाकरी, दही आणि हिरवी मिरची खाऊन मी नवी नळी लावली.

दुपार व्हायच्या आत पलीकडच्या वस्तीवरच्या सुंद्राबाई डोक्यावर टोपली घेऊन, पदराने डोळे पुसत आल्या. “कौसाबाय, कोन गेलं गं?”

ज्या घरात मौत होते तिथे चूल पेटत नाही आणि शेजारी पिठलं-भाकरी आणतात, त्याला कडू घास म्हणतात. छपरावर धूर दिसला नाही म्हणून त्या धावत आल्या होत्या.

मावशी हसून हसून बांधावरच बसल्या. “कुनी गेलं न्हाई बाई! पऱ्हाटीचा वास धरतोय.”

“आन म्या वाटभर रडत आले की!” सुंद्राबाई चिडल्या, मग त्याही हसत सुटल्या. तो कडू घास आम्ही चौघांनी मिटक्या मारत खाल्ला. इतकं गोड पिठलं मी पुन्हा खाल्लं नाही.

हात धुताना नानांनी मला खुणावलं. शेजारच्या कुरतडलेल्या पानावर एक बारीक गांधीलमाशी घिरट्या घालत होती. “पऱ्हाटीलाबी शेजार हाय म्हनायचा,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी फवारणी झाली. हंडीखालचं झाड आणि त्याची ओळ नानांनी तशीच सोडली. एसटीच्या खिडकीतून मी वस्तीकडे पाहिलं. छपरावरून धूर वर चढत होता आणि मला फार बरं वाटलं.

पुण्यात तपासलं, तर नळीत उदबत्ती नव्हती की धूर नव्हता. नुसती कपाशी होती.

नाना-मावशी आता नाहीत. माझ्या घरी गॅस आहे, त्याचा धूर कुणाला दिसत नाही. मागे तापाने पडून होते, दोन दिवस शेगडी पेटली नाही आणि जिन्यातल्या कुणालाही ते कळलं नाही. तेव्हा सुंद्राबाई टोपली घेऊन येतील असं वेड्यासारखं वाटत राहिलं, आणि मी पडल्या पडल्या दाराकडे बघत होते.