शालूला घ्यायला सुरतला

"आई, सुरतला बघायला आहे काय? साड्या?" माझी मुलगी फोनवर म्हणाली. म्हटलं, साड्या तुला लखलाभ होवोत, मी शालूला आणायला चाललेय.

शालू म्हणजे शालिनी, माझी कॉलेजातली मैत्रीण. जळगावात बी.ए.ला आमच्या वर्गात पाच मुली होत्या. आता आम्ही दोघीच उरलोय. नवरा उधन्याच्या मिलमध्ये लागला तेव्हापासून ती सुरतकर झाली, मी जळगावातच राहिले आणि शाळेत भूगोल शिकवत बसले. मध्ये बरीच वर्षं लग्नपत्रिकांपुरताच संबंध होता. पण दोन वर्षांपूर्वी हे गेले, आणि त्यानंतर रोज दुपारी चारला मी शालूला फोन करायला लागले. ती उचलायची, आज सुनेनं, दीपालीनं, काय भाजी केली ते सांगायची आणि म्हणायची, "बोल तू." मग मी बोलायची. ती तिकडून "हं... अगं बाई... खरंच गं... होईल सगळं नीट" असं म्हणत राहायची. असं ऐकून घेणारं माणूस मला जन्मात दुसरं भेटलं नाही. मुलगी तर दुसऱ्याच वाक्याला "आई, मीटिंगमध्ये आहे" म्हणते.

दिवाळीनंतर मला नाशिकजवळ ज्येष्ठांसाठीचा एक निवास सापडला. दोन कॉटची खोली, खिडकीतून द्राक्षाचा मळा, दोन वेळचं गरम जेवण. एकटीनं तिथं जायचं मला धाडस नव्हतं आणि एकटीनं इथं राहणं तर आता असह्यच झालंय, खोटं कशाला बोलू. शालूला फोनवर सगळं समजावलं. ती म्हणाली, "हो गं, चालेल की." पुन्हा विचारलं, नक्की ना? "हो हो." झालं. एक तारखेला आम्ही दोघी येतो असं मी कळवून टाकलं, आणि शालूला सांगितलं की मंगळवारी तुला घ्यायला येते, सामान बांधून ठेव.

जळगावहून सुरतला जायचं तर तापीच्या बाजूबाजूनं जाणारी रेल्वे सगळ्यात सोयीची. सकाळची गाडी धरा, दिवसाउजेडी पोचता. ज्येष्ठांची सवलत बंद झाल्यापासून पूर्ण तिकीट पडतं, पण स्लीपरचं भाडं खिशाला जड नाही. खालचा बर्थ मात्र आधीच मागून घ्या, माझ्यासारखी फजिती नको. मी बरोबर दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि शालूसाठी भरताची वांगी घेतली होती. वांग्यांची पिशवी पायाशी ठेवली तर समोरच्या बाई म्हणाल्या, "सुरतले वांगी भेटत नही का?" म्हटलं, भेटतात हो, पण ती फक्त शिजतात, त्यांचं भरीत होत नाही. त्यावर सगळा डबा हसला.

नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत. वर्गात मी हे नकाशावर दाखवायची, प्रत्यक्षात कधी फलाटावर उतरले नव्हते. या खेपेला उतरले आणि गाडीची शिट्टी झाल्यावर धावत चढले. वय विसरायला झालं होतं, इतकी मी खुशीत होते. बारडोली आलं की दोन्हीकडे ऊस आणि हवेत मळीचा वास. मग गिरण्या, धुरांडी, कापडाचे तागे लादलेले टेम्पो. गर्दीचा त्रास होत असेल तर सुरतपर्यंत जाऊ नका, उधन्यालाच उतरा. बाहेर रिक्षावाला विचारतो, "कोठे जानं शे मावशी?" आणि आपल्याला वाटतं, आपण धुळ्यातच आलो की काय! शालूच्या दिंडोलीचे दीडशे म्हणाला, शंभरावर आला.

शालूनं दार उघडलं आणि बघतच राहिली.

"कुंदे! अगं तू? कळवलं का नाहीस?"

"परवाच तर सांगितलं की गं! डोकं ठिकाणावर आहे ना?"

ती माझ्या गळ्यात पडून रडायलाच लागली. मीही रडले. मागून तिची सून दीपाली आली, शिरपूरकडची आहे, हसरी पोरगी. म्हणाली, "काकू येणार म्हणून आई काहीच बोलल्या नाहीत." म्हटलं, वय झालंय तुझ्या सासूचं. घर दोन खोल्यांचं, हॉलमध्ये सुरती पद्धतीचा झोपाळा. मुलगा पलसाण्याला डाइंगच्या कारखान्यात, सकाळी जातो तो रात्रीच उगवतो. मी इकडंतिकडं पाहिलं. बांधलेलं सामान कुठंच दिसेना. मनात आलं, शालूची ही जुनीच खोड, परीक्षेच्या आदल्या दिवशी पुस्तक उघडणारी बाई ती.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी सुरत बघायला निघालो. सकाळी कोपऱ्यावर लोचो खाल्ला. डाळीच्या पिठाचं मऊ, अर्धवट मोडलेलं वाफवलेलं प्रकरण, वरून तेल, शेव, कांदा. पन्नासच्या आत पोट भरतं. दातांची तक्रार असलेल्यांना मी हा पदार्थ मनापासून सुचवीन. दुपारी तापीच्या काठी पोंक खायला गेलो. पोंक म्हणजे आपला हुरडाच, पण दाणे बारीक आणि कोवळे, सोबत लिंबू-मिऱ्याची शेव. थंडीतच मिळतो, तेव्हा जानेवारी साधा. विकणारी बाई म्हणाली, "बेन, चाखी तो जुओ," आणि मूठभर दाणे तळहातावर ठेवले. चाखून बघता बघता पाव किलो घेतला.

शालू नदीकडे तोंड करून बसली होती. मी म्हटलं, "मग शुक्रवारची तिकिटं काढू ना?"

ती खातच राहिली.

"शाले, मुलाशी बोललीस का? तो काय म्हणाला?"

"हो ना गं," ती म्हणाली, "फार छान लागतो."

मला राग आला. म्हणजे हिला जायचंच नाही आणि तोंडावर सांगायची हिंमत नाही, असं वाटलं. मी तोंड फुगवून उठले. ती मागून आली. रस्ता ओलांडताना एक मोपेडवाला तिच्या पाठीमागे येऊन हॉर्न वाजवत होता, वाजवतच होता. मी ओरडले, रस्त्यावरची सगळी माणसं वळून पाहायला लागली. शालू एकटी शांतपणे पदर सावरत चालत होती. मोपेड तिला घासून गेली तेव्हा ती दचकली आणि माझ्याकडे पाहून हसली.

घरी आल्यावर ती पाय धुवायला गेली, तेवढ्यात मी स्वयंपाकघरात दीपालीला गाठलं आणि मोपेडचं सांगितलं. ती कणीक मळायची थांबली.

"काकू, तुमले माहीत नही का? आईंना दोन वर्षं झाली, काहीच ऐकू येत नाही. डॉक्टर म्हणाले नसच गेली. मशीन लावून पाहिलं, नुसता खरखराट. समोर बसून हळू बोललं की तोंडावरून कळतं त्यांना, तेही आमचंच."

"अगं, पण रोज फोनवर..."

"तेच तर! आम्ही हसायचो. म्हणायचो, आमचं ओरडलेलं ऐकू येत नाही, कुंदाकाकूंचं मात्र बरोबर ऐकू येतं."

दोन वर्षं. यांच्या शेवटच्या आठवड्यात घरात काय काय झालं, हे मला कोण समजून ओरडायचे, एकदा हात उगारून मारलंही, आणि त्या रात्री मी देवाकडे काय मागितलं, हे मी पोटच्या पोरीलाही सांगितलेलं नाही. शालूला सांगितलं होतं. सांगून झाल्यावर ती म्हणाली होती, "होईल सगळं नीट." त्या एका वाक्यावर मी उभी होते हो, दुसरं काही नव्हतं माझ्याकडे.

सकाळी दीपाली दळण आणायला गेली तेव्हा मी झोपाळ्यासमोर खुर्ची ओढून बसले. सावकाश, ओठ हलवत विचारलं, "तुला माझं काहीच ऐकू यायचं नाही?"

शालूनं मान फिरवली. तिनं मान फिरवली की बोलणंच संपतं, आपण हात टेकायचे. मी तिची हनुवटी धरून पुन्हा माझ्याकडे वळवली.

"चार वाजता फोन थरथरायचा," ती म्हणाली. "तुझं नाव दिसायचं. वाटायचं, कुणाला तरी मी हवी आहे अजून. कानाला लावून बसायचे. गरमगरम लागायचा फोन. घड्याळात अर्धा तास झाला की ठेवायचे."

"मग सांगायचं नाहीस का, बये!"

"सांगितलं असतं तर तू फोन केला असतास?"

मी तिच्या हनुवटीवरचा हात काढला. तिनं नुसती मान हलवली.

मग मी तिला खोलीचं सांगितलं. नाशिक, दोन कॉट, एक तारीख. तीनदा सांगावं लागलं.

"कुठली खोली गं?" शालू म्हणाली. समजल्यावर तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"मी लिहून दाखवत जाईन तुला," मी म्हटलं. "पाटी घेऊ. मी मास्तरीणच आहे ना?"

"किती दिवस लिहिशील? पंधरा दिवस लिहिशील. मग बोटं दुखतात म्हणशील. कुंदे, इथं मला चार माणसांची तोंडं वाचता येतात. दीपाली माझ्यासाठी तोंड वर करून बोलते, भाकरी थापताना सुद्धा. तिथं सगळे नवे. जेवायच्या टेबलावर सगळे हसतील आणि मी नुसती एकेकाकडे बघत बसेन. नाही गं. नाही जमायचं मला."

तिनं माझा हात धरला होता. बराच वेळ धरून ठेवला. मग म्हणाली, "दोन वर्षं काय सांगत होतीस गं? आता सांग. आता मी बघते नीट."

ती पुढे सरकून माझ्या ओठांकडे टक लावून बसली. मला सांगायचं होतं. पण भिंतीकडे बघत फोनवर भडाभडा बोलणं वेगळं, आणि ते सगळं शब्द सुटे करून, तोंड मोठं करून, तिच्या डोळ्यांत बघत बोलणं वेगळं. "त्यांनी मला मारलं" हे मी कसं दाखवणार होते?

"काही नाही गं," मी म्हटलं. "इकडचं तिकडचं."

शुक्रवारी एकच तिकीट काढलं. निघताना शालूनं घारीचा डबा दिला. ही तुपातली सुरती मिठाई आठवडाभर टिकते, आणायला हरकत नाही. ती रिक्षापर्यंत आली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "पोचल्यावर कळव!" तिचा आवाज तिला कळत नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. येताना नवापूर कधी गेलं ते मी पाहिलं नाही.

परत येऊन आता बरेच दिवस झाले. चारला मी फोन करत नाही. करून काय बोलू? मेसेज लिहिते, ती अंगठा पाठवते. कधी सकाळची फुलं येतात, मी अंगठा पाठवते. तिचं म्हणणं खरं ठरायला पंधरा दिवससुद्धा लागले नाहीत. तुमची कुणी जुनी मैत्रीण लांबच्या गावी असेल आणि फोनवर फार छान ऐकून घेत असेल, तर मध्येच तिला एखादा प्रश्न विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. सुरतचं भाडं आणि पोंकाची वेळ कुठंही मिळेल, हे मात्र तुम्हाला कुणी सांगणार नाही.

महिनाअखेरीला निवासाच्या ऑफिसातून फोन आला. "मॅडम, एक तारखेला दोघी येताय ना?"

म्हटलं, मी एकटीच.

"मग दुसरी कॉट दुसऱ्यांना देते हं. धुळ्याच्या एक बाई आहेत. तुमच्याच वयाच्या, शांत आहेत अगदी, तुम्हाला चांगली सोबत होईल."

"त्यांना ऐकू येतं का?" मी विचारलं.

"अहो, एकदम व्यवस्थित येतं. तसलं काहीच दुखणं नाही त्यांना. का बरं?"

"मग नको," मी म्हटलं आणि फोन ठेवला. एक तारीख येऊन गेली. मी जळगावातच आहे.