रहीमचाचांचा कंद

नाव घेऊन जडीबुटी मागितली की रहीमचाचा ती देत नसत. यवतमाळच्या बाजारात पोते अंथरून मुळ्या विकणाऱ्या माणसाची ही रीत मला काही केल्या समजेना.

महाराष्ट्र राज्य झाले त्याच्या पुढच्या वर्षी मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्गात होतो. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मीच पहिला. प्रात्यक्षिक परीक्षेला रानातली एक वनस्पती मुळासकट वाळवून कागदावर लावायची होती. माझ्या वाट्याला कळलावी आली. सागाच्या रानात तिची लाल-पिवळी फुले ज्वाळेसारखी दिसतात. फूल मिळाले, पण ओढली की वेल तुटे आणि कंद जमिनीतच राही. म्हणून चाचांकडे गेलो.

"चाचा, कळलावीचा कंद आहे?"

"नाई."

कंद समोरच पडला होता, नांगराच्या फाळासारखा वाकडा. "मग हे काय?"

"हे माह्यं नाक हाय. तोडून देऊ?"

मी तिथेच घुटमळत असताना लोहारा गावचा एक म्हातारा धापा टाकत आला. "चाचा, सून कालपासून अडली हाय. कळा येऊन नाई राह्यल्या." चाचा तोच कंद उचलून त्याच्यासोबत निघाले. शेजारचा चिवडेवाला म्हणाला, "आता ते तिथं अंगनात बसतीन. तळपायाले लेप लावून झाला का उरलेला तुकडा मांगून घेतीन, मंगच उठतीन. जहर हाय ना ते."

मी आणखीच गोंधळलो. पुढच्या खेपेला वाटले, शास्त्रीय नाव सांगितले तर देतील. म्हणालो, "ग्लोरिओसा सुपर्बा पाहिजे."

"घ्या! आता इंग्रजीतून नाव घेऊन राह्यला!"

तिसऱ्यांदा गेलो तेव्हा परीक्षा आठवड्यावर आली होती. मी पोत्याजवळ मटकन बसलो. "चाचा, मी नापास होतो. बाबांना काय सांगू?"

"हे पयले काहून नाई सांगतलं, बाबू? जो दुखनं सांगते त्याले मी देतो."

त्याच संध्याकाळी ते माझ्या खोलीवर कंद घेऊन आले. मी एक चकती कागदावर शिवेपर्यंत बसून राहिले, उरलेला भाग रुमालात बांधून घेतला. दाराशी चपला घालताना म्हणाले, "माह्या लहान बहिनीनं नाव घेऊन मांगतला होता. सासरहून आलती. मी इचारलं नाई, कायले. आनून देल्ला. दुसऱ्या दिशी उठलीच नाई." आणि गेले.

परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी विचारले, "स्थानिक नाव?" सारा जिल्हा ते नाव जाणतो, माझी न शिकलेली आईसुद्धा. पण चाचांची बहीण आठवली आणि मी ते नाव घेतले नाही. "इथलेच ना तुम्ही? आणि एवढे माहीत नाही?" त्यांनी दोन गुण कापले. तरी पास झालो.

पेढे घेऊन चाचांकडे गेलो आणि हे सांगितले. वाटले होते, खूश होतील. ते भडकले. "येडा हाय का तू? तो मास्तर नाव इचारत होता, कंद मांगत नव्हता!"

चाचा पुढच्या हिवाळ्यात वारले. मी आता पुसदच्या शाळेत शिकवतो. श्रावणात मुली वाटेवरचे ते फूल घेऊन येतात आणि म्हणतात, "सर, याचं नाव काय?" मी त्यांच्या तोंडांकडे पाहत राहतो. कोण विचारते आहे आणि कोण मागते आहे, मला ओळखता येत नाही.