वजनकाटा आतल्या खोलीत

रक्तपेढीतल्या तंत्रज्ञ बाईंना सगळे ‘चौकशीबाई’ म्हणत. त्यांना प्रत्येक गोष्टीचं कारण लागे. नळ का गळतो, घड्याळ चार मिनिटं पुढे का, काही सुटायचं नाही.

एकदा त्यांच्या लक्षात आलं की रुग्णासाठी रक्त द्यायला आलेले नातेवाईक सगळ्या प्रश्नांना एकाच वेगाने ‘नाही, नाही’ म्हणत सुटतात. कावीळ झाली होती? नाही. हल्ली गोंदवून घेतलंय? नाही. एकटा आलेला दाता मात्र अडखळतो, आठवून सांगतो. असं का? आठवडाभर विचार करून त्या एका दुपारी दात्याच्या खुर्चीत जाऊन बसल्या आणि मागे वळून पाहिलं. सोबतच्या मंडळींचं बाकडं हातभर अंतरावर होतं.

दुसऱ्या दिवशी दात्यांचा वजनकाटा आतल्या खोक्यांच्या खोलीत गेला. तिथे काट्यावर एक माणूस आणि आकडा वाचायला बाई, एवढीच जागा. प्रश्नही आता तिथेच. काटा चोरीला जातोय की काय, असं रक्तपेढीच्या साहेबांनी विचारलं. बाई नुसत्या हसल्या.

त्याच आठवड्यात एका आजींच्या ऑपरेशनसाठी रक्त हवं होतं. आजोबा, मुलगा आणि जावई आले. जावई व्यायामशाळेत शिकवणारा. दंड असे की शर्टाची बाही रडकुंडीला आलेली. पहिला मान आजोबांनी त्यालाच दिला.

तो काट्यावर उभा असताना बाईंनी इंजेक्शनच्या सुईबद्दल विचारलं, तसा तो आकड्याकडेच बघत राहिला.

“ताई, हे बाहेर कळेल?”

“माझ्याकडून नाही.”

तीन आठवड्यांपूर्वी त्याने आणि चार मित्रांनी मिळून ताकदीचं इंजेक्शन घेतलं होतं. सुई एकच, गरम पाण्यात बुचकळलेली.

“पण तुम्ही रक्त तपासताच ना? मशीन पकडेल की.”

“नवी लागण मशीनला काही आठवडे दिसत नाही. तेवढ्यात ती पिशवीतून आजींच्या अंगात जाईल. म्हणून आधी माणसाला विचारायचं.”

तो काट्यावरून उतरला.

यांचं रक्त आज घेणार नाही आणि कारण सांगायची आमच्याकडे पद्धत नाही, एवढंच बाईंनी बाहेर येऊन सांगितलं. आजोबांनी जावयाला नखशिखांत न्याहाळलं.

“एवढी दूध-अंडी रिचवलीत जावईबापू, ती गेली कुठे?”

मुलगा फिस्सकन हसला. जावयाने शर्टाची बाही खाली ओढली. मग मुलाने रक्त दिलं, ते तपासणीत चांगलं निघालं आणि आजींचं ऑपरेशन पार पडलं.

चौथ्या दिवशी जावई त्या चारही मित्रांना तपासणीसाठी घेऊन आला. त्यातल्या एकाच्या रक्तात काविळीचा विषाणू निघाला. जुना होता, कधीपासून, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. गडी खाऊन-पिऊन ठणठणीत होता. औषधाने बरा होशील, असं डॉक्टरांनी त्याला सांगितलं. बाकीच्यांना आणि जावयाला काही आठवड्यांनी पुन्हा तपासायचं ठरलं.

आजी अजून वॉर्डातच होत्या. मित्राचं कळल्यावर जावई तडक वर गेला आणि आजोबांना खाली रक्तपेढीसमोरच्या व्हरांड्याच्या टोकाला घेऊन आला. दाराच्या काचेतून बाईंना दोघे दिसत होते. जावई खाली मान घालून बराच वेळ बोलला. आजोबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग त्याच्या दंडावर हात ठेवून काहीतरी म्हणाले.

काय म्हणाले असतील? बाईंचा जीव वरखाली होत होता. दार ढकललं असतं तर ऐकू आलं असतं. त्यांनी काचेकडे पाठ केली आणि पुढच्या दात्याला आत बोलावलं.