नेमवाल्याचं पित्त

बेळगावच्या डॉक्टरबाईंनी टेबलावरचा पडदा आमच्याकडं वळवला आणि पेनानं दाखवलं. आत लाल, ओलं, बोगद्यासारखं काहीतरी दिसत होतं. एका बाजूनं फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा गोळा आला होता. बाई म्हणाल्या, "गाठ आहे. तुकडा तपासायला पाठवलाय, पण मला हा अन्ननलिकेचा कॅन्सरच वाटतोय."

माझे मालक, म्हणजे यजमान, पडद्याजवळ वाकले. मग विचारलं, "मग पित्त न्हवतं?"

"नव्हतं," बाई म्हणाल्या.

मी चौथी शिकलेली. लिहायची सवय नाही. पण तुमच्या घरात कुणी आजारी असेल आणि डॉक्टर बदलावा की नको हे ठरत नसेल, तर हे वाचा.

आमचं गाव निपाणीजवळ. आम्ही जैन, शेती करणारे. मालकांचा तरुणपणापासून नेम होता. दिवस मावळला की अन्न नाही, पाण्याचा थेंबही नाही. लग्नात पंगत उशिरा बसली तर हात न धुताच परत यायचे. लोक हसायचे, तेही हसायचे, पण नेम कधी मोडला नाही.

गावातले डॉक्टरही आमच्यातलेच. तेही नेम पाळणारे. सकाळी बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, दोघं शेजारी उभे राहून पूजा करायचे. मुलांचे ताप, सासूबाईंचा दमा, सगळं त्यांनीच बघितलं. औषध लिहिताना न विचारता सगळ्या गोळ्या दिवसा बसवायचे.

मालकांना छातीत जळजळ सुरू झाली तेव्हा आम्ही त्यांच्याकडंच गेलो. डॉक्टर म्हणाले, "अण्णा, रातभर पोट रिकामं. नेमवाल्याला पित्त व्हतंयच. मलाबी हाय." दोघं हसले. चिठ्ठी दिली, गोळ्या आणल्या, थोडं बरं वाटलं.

मग घास अडकायला लागला. भाकरीचा तुकडा खाल्ला की मालक छातीवर मूठ ठेवून थांबायचे, वरनं पाणी प्यायचे. परत गेलो. तेच पित्त, त्याच गोळ्या. मी भाकरी दुधात कुस्करून द्यायला लागले. काही दिवसांनी तीही उतरेना, मग मऊ भात केला. भातही नको झाला, तेव्हा नाचणीची पेज. माणूस वाळत चालला. सदरा खांद्यावरून उतरायला लागला.

ताटातलं सगळं बदललं होतं. चिठ्ठी तीच होती.

मी डॉक्टरांना सांगितलं नाही असं नाही. म्हटलं, भाकरी गेली, भात गेला, आता पेजेवर आलेत. ते म्हणाले, "आक्का, वय झालं की आहार कमी व्हतोय. तुम्ही लई काळजी करताय." पुढं पुढं तर आम्ही दारात दिसलो की तेच म्हणायचे, "काय अण्णा, पित्त?" आम्ही खुर्चीवर बसायच्या आधीच रोगाचं नाव तयार. पोटाला हात लावलेला मी नंतर नंतर बघितला नाही.

मी मालकांना म्हटलं, बेळगावला दाखवू. ते चिडले. त्यांचंही कारण होतं. माझे थोरले दीर एकदा शहरात मोठ्या दवाखान्यात होते. नर्सनं रात्री गोळी आणि पाणी दिलं, ते अर्धवट झोपेत प्यायले. घरी आल्यावर देवापुढं बसून रडले. पुढं जगले तोवर त्यांना त्याचं शल्य होतं. मालकांच्या डोक्यात ते पक्कं बसलं होतं. म्हणायचे, "आपला डॉक्टर नेम जाणतोय. बाहेरचा कोण जाणनार हाय? मराण आलं तर येऊ दे, नेम मोडायचा न्हाय."

पुन्हा दोनदा विषय काढला, पुन्हा तेच. आणखी एकदा काढला तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. गावात दुसऱ्याकडं गेलो तर डॉक्टरांना काय वाटेल, रोज बस्तीत तोंड कसं दाखवायचं, हीही भीती होतीच. आजारात माणूस या गोष्टींचा विचार करतो. करू नये, पण करतो.

शेवटी मी खोटं बोलले. माझा मुलगा अजित बेळगावात खासबागला राहतो, तिथंच नोकरी करतो. त्याला सांगून माझ्या नावानं नंबर लावला आणि मालकांना म्हटलं, माझ्या पोटात दुखतंय, मी दाखवायला चालले. मला एकटीला पाठवणारा तो माणूस नव्हता. अंगात बळ नसताना एसटीत माझी पिशवीही त्यांनीच मांडीवर घेतली.

आत गेल्यावर बाईंनी मला विचारलं, काय होतंय. मी म्हटलं, "मला काय न्हाय. ह्यांना घास उतरत न्हाय."

मालक उठले. "खोटं बोलून आणलंस व्हय मला?"

"व्हय. खरं बोलून बघितलं की, चारदा."

अजित दाराशी उभा राहिला, वाट अडवून. बाई वयानं आमच्या मुलीएवढ्या असतील. मराठी येत होतं, पण मालकांशी त्या कन्नडातच बोलल्या. बसा म्हणाल्या, आलाच आहात तर काय होतंय ते सांगा. आम्हा दोघांनाही कन्नड येतंच. मालकांनी बसायच्या आधी अट घातली. दिवस मावळल्यावर मी काही घेणार नाही, पाणीसुद्धा नाही. चालत असेल तर तपासा.

बाईंनी मान हलवली. म्हणाल्या, "घेऊ नका. माझ्याकडं येणाऱ्यांतल्या पुष्कळांचं काही ना काही असतंय. कुणाचा उपास, कुणाचा रोजा. त्याप्रमाणं औषध बसवायचं, ते आमचं काम."

मालक खाली बसले. मी त्यांच्याकडं बघितलं. इतके महिने ज्या गोष्टीला धरून राहिले होते, ती त्या बाईंनी एका वाक्यात सोडवली होती.

दुसऱ्या दिवशी एंडोस्कोपी झाली. एंडोस्कोपी म्हणजे तोंडातून कॅमेऱ्याची बारीक नळी आत घालून बघतात. उपाशीपोटी यायला सांगितलं, तेव्हा मालक नर्सला म्हणाले, "उपाशी ऱ्हायचं मला नको शिकवूस." ती हसली. त्यानंतर पडद्यावर काय दिसलं ते वर लिहिलंच आहे.

बायोप्सी, म्हणजे काढलेल्या तुकड्याची तपासणी, तिचाही रिपोर्ट तोच आला. स्कॅनमध्ये लिव्हरवरही डाग दिसले. बाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं, ऑपरेशनची वेळ गेली. अन्ननलिकेत स्टेंट बसवू. स्टेंट म्हणजे जाळीची नळी, तिनं वाट उघडी राहते. "बरं करता येणार नाही. गिळता येईल एवढं करते."

तेवढं त्यांनी केलं. सगळी औषधं दिवसा बसवली. वॉर्डात कागदावर मोठ्या अक्षरात लिहून लावलं, दिवस मावळल्यावर तोंडातून काही देऊ नये. रात्री लागेल ते सलाईनमधून देत. मालकांनी पेज प्यायली, मऊ भात खाल्ला, एकदा वरणात भिजवलेली चपाती खाल्ली. पावसाळा सरून ज्वारी पोटरीला, कणीस धरायला आली, तेव्हा गेले. नेम शेवटपर्यंत राहिला.

मधे एकदा गावातले डॉक्टर घरी आले. रिपोर्ट वाचला, घडी घातली, परत उघडून वाचला. म्हणाले, "अण्णा, माझ्या ध्यानातच आलं न्हाय." मालक म्हणाले, "तुमचा काय दोष." मला बोलायचं होतं. तोंडात आलं होतं. मालकांनी माझ्याकडं बघितलं, म्हणून मी आत गेले आणि दूध तापवत बसले.

त्या माणसाबद्दल वाईट लिहायला मी बसलेले नाही. माणूस वाईट असता तर आम्ही पहिल्याच महिन्यात सोडला असता. चांगला होता म्हणून राहिलो, आणि त्यातच वेळ गेला. सर्दीतापाला मी अजूनही त्यांच्याकडंच जाते. पण दुखणं वाढत असेल आणि औषध तेच असेल, तर उठा. तुम्ही सांगायच्या आधीच डॉक्टरला उत्तर ठाऊक असेल, तर उठा. डॉक्टर बदलणं म्हणजे सोयरीक मोडणं नव्हे. सकाळी बस्तीत नमस्कार करा आणि दुपारी दुसऱ्याकडं जा. आणि तुमचा नेम, तुमची अडचण दुसऱ्याला कळणार नाही असं घरात बसून ठरवू नका. जाऊन विचारा. आम्ही विचारलं नव्हतं.

बेळगावच्या बाईंचे उपकार मी कशासाठी मानते, ते सांगते. गिळायची सोय केली, नेम सांभाळला, ते तर आहेच. पण इतका उशीर का केलात, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. मालकांसमोर तर नाहीच.

ते मालकांनीच विचारलं. शेवटच्या महिन्यात, दुपारी. मी उशाशी बसून त्यांना चमच्यानं पाणी पाजत होते. म्हणाले, "आधी का न्हाय गेलो गं आपण?"

मी आयुष्यात कुणाची भीड ठेवली नाही. सासूला तोंडावर बोलले, दिराला बोलले, यांना तर रोजच. चार वेळा सांगितलं होतं, तेव्हा कुठं बसलो होतो, काय बोलणं झालं होतं, सगळं मला आठवत होतं.

मी म्हटलं, "त्या बाई तवा कुणाला ठाव हुत्या?"

"व्हय," म्हणाले. आणि पुढच्या चमच्यासाठी तोंड उघडलं.